ताटीजवळची जागा

बुधवार, 26 मे 1954. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या दिंडीतून तुम्ही वाकून आत शिरता, तेव्हा सकाळचे साडेनऊ झालेत. याहून उशीर करून चाललं नसतं. दहाला हा वाडा बंद होतो, तो थेट संध्याकाळी पाचला उघडतो. मधल्या वेळात कडी वाजवली, तर दार उघडण्याआधी आतून आवाज येतो, "कोण आहे जी एवढ्या उन्हाचं?"

मोबाइल आणि पाण्याची बाटली आपल्या काळातच ठेवून आलात, ते बरं केलंत. सोंग सोपं आहे. तुम्ही पुण्याचे, या घरच्या सुनेचे लांबचे भाऊ. पुण्याचा माणूस मे महिन्यात आपण होऊन नागपूरला येतो, याचंच घराला इतकं नवल वाटतं की पुढचं कोणी विचारतच नाही. काकू, म्हणजे तुमच्या ताईच्या सासूबाई, गुळाचा खडा आणि तांब्या समोर ठेवतात. पण तांब्याला हात लावू देत नाहीत. "बसा जरा. घाम वाळू द्या. आल्या आल्या पाणी प्याल तर बाधेल."

घाम आहेच कुठे, असं तुमच्या मनात येतं. स्टेशनपासून टांग्यात बसून आलात, अंग तापलंय, ओठ तडकलेत, पण सदरा कोरडा ठणठणीत. कोकण-मुंबईच्या चिकचिकाटाची सवय असलेल्या माणसाला इथे हमखास फसायला होतं. हवा इतकी कोरडी की घाम दिसण्याआधीच उडून जातो. घाम येत नाही म्हणजे ऊन फारसं नाही, असं समजून परगावचे लोक भर दुपारी सीताबर्डीवर फिरायला निघतात आणि आडवे होतात. कानशिलावरून बोट फिरवून पाहा. खरखरीत लागतंय ते मीठ.

आज वेधशाळेतला पारा 118 अंश फॅरनहाइटला टेकणार आहे, तुमच्या सेल्सिअसमध्ये 47.8. पुढची कित्येक वर्षं नागपूरकर हा आकडा विक्रम म्हणून सांगतील. आत्ता मात्र या घरात तो कोणालाच ठाऊक नाही. शिवाय आकडा सावलीतला. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर असतो. रस्त्याच्या फुफाट्यातून अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला किती लागतं, ते त्यात येत नाही. घराला एवढंच माहीत आहे की कालपासून नवतपा लागलाय. सूर्य रोहिणीत गेला, आता नऊ दिवस असेच.

दादा, तुमचे मेहुणे, सचिवालयात कारकून आहेत. नागपूर ही अजून मध्य प्रदेशाची राजधानी आहे. उन्हाळ्यात साहेबांनी पचमढीला जायचं ही पद्धत इंग्रज घालून गेले. कारकुनाने सायकलवर जायचं, ही कोणी घालायची गरज पडली नाही. निघण्यापूर्वी काकू स्वतः त्यांच्या डोक्याला दुपट्टा बांधतात, कान पूर्ण झाकून, आणि सदऱ्याच्या खिशात एक लहान कांदा टाकतात. खिशातला कांदा ऊन शोषून घेतो, यावर महालात कोणाचंही दुमत नाही. तुमचं असेल तर मनात ठेवा. कांद्याने काही होत नसलं, तरी सायकल मारताना मांडीला तो लागत राहतो आणि आपण उन्हात आहोत, सावकाश जायला हवं, हे माणूस विसरत नाही. एवढं काम तरी तो करत असावा.

दादा गेले की घर मिटायला लागतं. आधी पश्चिमेच्या खिडक्या, मग माडीवरच्या, मग चौकाकडच्या दारांना ओली पोती. पुण्याला उकडलं की खिडक्या उघडायच्या, ही तुमची सवय इथे उपयोगाची नाही. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा गारवा देत नाही, अंगात आणखी उष्णता भरतो. घरात एकुलता एक टेबलपंखा आहे, काकासाहेबांच्या, म्हणजे ताईच्या सासऱ्यांच्या, बैठकीत. अकरानंतर घरातल्या थोरल्या आजी तो लावू देत नाहीत. "ती गरम झळ तोंडावर घ्यायची तर मग रस्त्यावरच का बसू नये?" पदार्थविज्ञान न शिकता बाई बरोबर बोलल्या. ओल्या अंगावर वारा गार लागतो. कोरड्या अंगावर, 118 अंशात, पंखा म्हणजे लोहाराचा भाता.

भिंती दोन हात जाडीच्या, मातीच्या. सकाळचं ऊन त्यांच्यातून आत पोचायला रात्र होते, म्हणून दुपारी त्या आईसारख्या वागतात आणि रात्री सावत्र आईसारख्या. ही म्हण नाही. चौकात बसलेल्या काटोलच्या मामांचं वाक्य आहे. मामा काल रात्रीच्या गाडीने आलेत. या घरात उन्हावर खूश असलेला हा एकच माणूस. काकासाहेब उपरण्याने वारा घेत "काय हा उन्हाळा" म्हणाले की मामा मांडीवर थाप मारतात, "तपू द्या भाऊसाहेब, तपू द्या! झाडं ताणावर आहेत माझी."

काटोलला त्यांची संत्र्याची बाग आहे. पाणी त्यांनी केव्हाच तोडलंय. विहिरीत असूनही द्यायचं नाही. पानं आक्रसतात, मलूल होतात, नवख्या माणसाला वाटतं बाग गेली. मृगाचा पाऊस पडला की हीच झाडं सगळी एकदम फुलावर येतात. तो मृग बहार, त्याची संत्री फेब्रुवारी-मार्चात पेटीत जातात. ताण नीट बसला नाही तर झाड नुसती पालवी फोडतं आणि फुलं येतात ती थोडी इकडे, थोडी तिकडे. तेव्हा तुम्ही पुण्याला हिवाळ्याच्या शेवटी जे गोड संत्रं सोलता, त्याच्यामागे असा एक मे महिना असतो. मामा हे सांगत असताना आतून ताईच्या हातच्या बांगड्यांचा आवाज येतो. ती पाट्यावर काहीतरी वाटते आहे.

आता ताटी. बैठकीच्या पश्चिमेच्या दारात बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं विणून बसवलेली, दाराएवढी. बाहेरून तिच्यावर पाणी मारायचं. पश्चिमेचा वारा त्या ओल्या मुळांतून आत येतो आणि येताना आपली ऊब पाणी सुकवण्यात खर्च करून येतो. एक लिटर पाणी वाळायला सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते, ती कुठून तरी घ्यावीच लागते. इथे ती वाऱ्यातून घेतली जाते. माठाचं, सुरईचं, तुमच्या घामाचं, सगळ्यांचं शास्त्र हेच. हवेतला दमटपणा दहा-बारा टक्क्यांपर्यंत उतरला, तर अशा भाजणाऱ्या दुपारीही सावलीतल्या माठातलं पाणी पंचविशीच्या आसपास राहू शकतं. मुंबईत हाच माठ आणि हीच ताटी निम्मंही काम करणार नाही. निसर्गाने वैदर्भीयांना ऊन दिलं, पण त्यावरचा तोडगाही त्याच कोरड्या हवेत ठेवला.

पाहुणे म्हणून तुम्हाला ताटीजवळची जागा मिळते. सतरंजीवर लोड, उशाशी वाळा घातलेला माठ, पाण्याला मोगऱ्याचा वास. ताटीतून येणारी हवा तोंडावर घेत डोळे मिटता, तेव्हा पहिल्यांदा वाटतं की हे लोक सुखी होते. या जागेवरून आजवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. वाळ्याचा गंध, मामाचं गाव, माठाचं पाणी, आजीच्या हातचं पन्हं. सगळं खरं आहे. फक्त लिहिणारे बहुतेक सगळे ताटीच्या आतल्या बाजूचे होते.

बाहेरच्या बाजूला पाणक्या आहे. डोक्याला पंचा, गुडघ्यापर्यंत धोतर, पन्नाशीचा असावा. मागच्या चौकातल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात इतकं खाली गेलंय की पोहऱ्याच्या दोराला आणखी एक दोर बांधलाय. दर अर्ध्या तासाला दोन घागरी शेंदायच्या, वळसा घालून पश्चिमेला यायचं आणि ताटीवर मारायच्या. सकाळी दहापासून साडेचारपर्यंत किती झाल्या, ते मनातल्या मनात मोजा. 28 घागरी, त्याही नुसत्या ताटीच्या. माठ-रांजण, बायकांची आंघोळ, संध्याकाळचा सडा वेगळा. आतल्या माणसांना तो दिसत नाही. अर्ध्या तासाने मुळांवर सपकारा बसल्याचा आवाज येतो, दोन-चार तुषार सतरंजीवर पडतात, आणि काकासाहेब झोपेतच म्हणतात, "आहा."

आतल्या जागांनाही क्रम आहे. ताटीजवळ तुम्ही आणि काकासाहेब. काकासाहेब वकील, हायकोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. त्यांच्या मागे मामा. भिंतीकडेला आजी, त्यांना वारा सोसत नाही असं त्या म्हणतात. माजघराच्या दाराशी सुट्टीला जमलेले पोट्टे, ओल्या फरशीवर पोट टेकवून पडलेले. कोणी चांदोबा वाचतंय. मराठी चांदोबा निघून दोनच वर्षं झालीत, एकच अंक सहा जणांत फिरतोय. कोपऱ्यात झब्बूचा डाव पडलाय आणि भांडण दबक्या आवाजात चाललंय, कारण आवाज चढला तर काकू सगळ्यांना झोपवतील. काकू माजघरात. आणि ताई स्वयंपाकघरात, जिथे ताटीचा वारा पोचत नाही, कारण मध्ये दोन दारं आहेत आणि दोन्ही बंद.

पाणी मागायचं निमित्त करून तिकडे जा. उंबऱ्यापर्यंतच जाता येईल, आत तुम्हाला कोणी बोलावणार नाही. चूल धगधगते आहे. खिडकी लावलेली, वाऱ्याने ठिणगी उडून कुठे लागू नये म्हणून. ताईने पहाटे चारला कुरडयांचा चीक शिजवला, सहापर्यंत गच्चीवर कुरडया घातल्या, आठला दादांचा डबा, साडेअकराला सगळ्यांची पानं: पोळ्या, वरणभात, कांद्याची कोशिंबीर, आमरस. आता चार कैऱ्या चुलीच्या निखाऱ्यात पुरल्यात. साल काळी पडली की गर काढून, गूळ, मीठ, जिरं घालून दुपारच्या पन्ह्याची तयारी. आमरसाच्या पातेल्यात तिच्या वाटचं तळाशी उरलंय. नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट, कपाळाचं कुंकू पसरलेलं.

"कसं वाटतंय नागपूर?" ती विचारते.

"ताटीजवळ बरं आहे," तुम्ही म्हणता, आणि लगेच कळतं की हे बोलायला नको होतं.

ती हसते. "मी पण ऐकलंय तसं."

लग्नाला तीन वर्षं झाली, ताईने ताटीजवळ दुपार काढलेली नाही. मज्जाव कोणी केलेला नाही. सासरे तिथे झोपलेले, मामा आलेले, पाहुणे बसलेले, आणि सुनेने तिथे जाऊन पडायचं, हे ना कोणाच्या मनात येत, ना तिच्या. घरात कोणी दुष्ट नाही. काकू तिला खरोखर जीव लावतात. गेल्या वर्षी तिला ऊन लागलं तेव्हा काकूंनी रात्रभर तिच्या तळपायांना कांद्याचा रस चोळला होता. तरी दोन दारं बंदच असतात.

तिची पाच महिन्यांची मुलगी माजघरात झोळीत आहे. गळ्याखाली, काखेत घामोळं उठलंय, त्यावर चंदन उगाळून लावलंय. मगापासून ती रडतसुद्धा नाही, नुसती पडून आहे. ताई दर थोड्या वेळाने हात पुसून दाराशी येते, बघते, परत जाते. शेवटी आजीच उठतात. भिंतीला धरत येऊन बाळाच्या टाळूवर बोटं ठेवतात.

"टाळू खाली गेली हिची. केव्हा पाजलंस?"

ताई काही बोलत नाही. पानं वाढायची होती.

"चूल विझू दे. इथं बस. पाज तिला, तीनदा-चारदा पाज, थोडं थोडं. आणि आधी तू पाणी पी. तुझ्यात नसंल तर तिला कुठून येईल?"

डॉक्टरी पुस्तकातही खोल गेलेली टाळू हे तान्ह्या मुलाच्या अंगातलं पाणी कमी झाल्याचं लक्षण म्हणून दिलेलं असतं. आजींनी पुस्तक पाहिलेलं नाही. त्यांनी मुलं पाहिली आहेत, वाचलेली आणि न वाचलेली. मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी तुमच्या काळात कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळते. पण डॉ. दिलीप महालनबीस बनगावच्या निर्वासित छावणीत त्या पाण्याने हजारोंना वाचवतील ते 1971 साली, आणि जगाचा त्यावर विश्वास बसायला त्यानंतरही वेळ लागेल. 1954 मध्ये या घरात त्याच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे ते निखाऱ्यातल्या कैरीचं पन्हं. त्याचा पहिला पेला आजी ताईला देतात, काकासाहेबांच्या आधी. ही घटना लहान नाही. काकू ती पाहतात आणि पाहिलं नाही असं करतात.

अर्ध्या-पाऊण तासाने बाळ रडतं. चांगलं खणखणीत. माजघरातली पोरं सुटल्यासारखी हसतात.

आणि याच सुमाराला कोणाच्या तरी लक्षात येतं की ताटी वाळली आहे.

काकासाहेब घामाने नव्हे, गरम हवेने जागे झालेत. "अरे, पाणी कुठंय?" ताटीतून येणारा वारा आता भाजणीच्या घमेल्यावरून यावा तसा कोरडा, खमंग येतोय. मामा दार उघडून बाहेर डोकावतात आणि तसेच ओरडतात. पाणक्या विहिरीच्या कठड्याशी बसलाय, पाय लांब करून, दोन्ही पोटऱ्या हातांनी दाबत.

तुम्ही आणि मामा त्याला उचलून दिंडीच्या बोळात आणता. बाहेरचा तो पन्नास पावलांचा फेरा तुम्हाला बरंच काही सांगून जातो. फरशीचा चटका चपलेतून लागतो. डोळ्यांतलं पाणी सुकतं आणि पापण्या घासायला लागतात. रस्त्यावर कावळासुद्धा नाही. लांबून एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकू येतो, दुपारची पाळी बदलत असणार. त्या मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रं टाटांनी एकोणिसाव्या शतकातच बसवली, देशात पहिल्यांदा. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून. सूत तुटेना झालं. पण दमट हवेत घाम वाळत नाही, त्याचं मागापाशी उभ्या राहणाऱ्याने काय करायचं ते त्यानेच बघायचं.

"काऊन रे," आजी दारातूनच विचारतात, "डोळे काऊन असे दिसून राहिले तुझे?"

"काही नाही माय. पोटऱ्यांत गोळे येऊन राहिले. बसलो जरा."

"पाणी नाही पिला?"

"पिलो ना माय. लई पिलो."

खरंच प्यायलाय, आणि अडचण तिथेच आहे. सकाळपासून घामावाटे पाण्याबरोबर मीठही गेलं; भरून निघालं ते नुसतं पाणी. अंगातलं मीठ आणखी पातळ झालं आणि स्नायूंना पेटके आले. तुम्ही हे सांगायला तोंड उघडता, पण आजी आधीच आत वळल्या आहेत. ज्वारीची आंबील आहे सकाळची, त्यात त्या मूठभर म्हणावं इतकं मीठ घालतात, मग थोडं काढून ताक ओततात. अंगावर ओलं धोतर टाकतात, पोरांना पुठ्ठे घेऊन वारा घालायला बसवतात. ओलं कापड आणि वारा. याहून वेगळं काही तुमच्या काळातला डॉक्टरही पहिल्या दहा मिनिटांत करणार नाही. तो शुद्धीवर आहे, बोलतोय, घाम येतोय, म्हणून पाजायला हरकत नाही. शुद्ध हरपली असती, अंग कोरडं तापलं असतं, तर तोंडात घोटसुद्धा घालायचा नाही आणि दवाखाना गाठायचा, हे मात्र तुम्ही काकासाहेबांच्या कानावर घालून ठेवा. ते मान डोलावतात. वकील आहेत, ऐकून ठेवतात.

आंबील त्याला दिली जाते ती बोळातल्या कोनाड्यातल्या पेल्यात. तो पेला त्याचाच. वापरून धुऊन तिथेच उपडा ठेवायचा. घरात कोणाला त्यात काही वेगळं दिसत नाही. तुम्हाला दिसतं, आणि तुम्ही पाहुणे आहात.

उरलेल्या घागरी मामा शेंदतात. पहिल्या दोन उत्साहाने, पुढच्या चार दमाने. सहावीनंतर ते विहिरीच्या काठावर टेकतात आणि थोडा वेळ ताणावरच्या बागेबद्दल काही बोलत नाहीत.

पाच वाजले. दारं उघडतात.

ऊन उतरलेलं नाही, फक्त तिरपं झालंय. तरी वाडा एकदम बोलायला लागतो. पोट्टे उड्या मारत चौकात. पाणक्या उठून घरी निघालाय. पत्र्याच्या खोलीत राहतो, तिथे आत्ता काय असेल त्याचा अंदाज करा. काकूंनी त्याच्या पंच्यात गूळ आणि दोन कैऱ्या बांधून दिल्यात, उद्या उशिरा ये म्हणून सांगितलंय. उशिरा म्हणजे आठला.

अंगणात सडा पडतो. तापलेल्या मातीतून आधी वाफ उठते, तिचा चटका पायांना लागतो, मग मातीचा वास. दोन-तीन सडे झाल्याशिवाय जमीन निवत नाही. ताईला या कामाचा कंटाळा नाही. दिवसभरात मोकळ्या हवेत यायला मिळतं ते याच वेळी. शेजारच्या वाड्यातली सून भिंतीपलीकडून सडा घालते आहे. दोघींचं न दिसता बोलणं चालतं: कोणाच्या कुरडया तुटल्या, कोणाच्या सरगुंड्यांना मुंग्या लागल्या, कोणाच्या नळाला आज धार आली. अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान, शहराला पाणी यायच्या वाटा पुष्कळ. महालातल्या नळाशी ते सगळं करंगळीएवढं होऊन येतं आणि तेही पहाटे.

दादा सहाला येतात. डोळे लाल, ओठांवर पांढरी रेघ. खिशातला कांदा काढून काकूंना दाखवतात, तो मऊ पडलाय. "बघ, कसं ऊन खाल्लं यानं," काकू म्हणतात. घर समाधान पावतं.

रात्री वाड्याचं पोट बाहेर येतं. दिवसभर भिंतींनी गिळलेली उष्णता आता आत सुटायला लागलीय, म्हणून बाजा, सतरंज्या, सुरया, सगळं अंगणात. पुढच्या अंगणात पुरुष, मागच्यात बायका-मुलं. ओट्यावर शेजारचे दोघे येऊन टेकलेत आणि विषय एकच. राज्यांच्या फेररचनेसाठी डिसेंबरात नेमलेला फाजल अली आयोग काय म्हणणार? मराठी मुलूख एक करण्यासाठी गेल्या सप्टेंबरात झालेल्या नागपूर कराराचं काय होणार? एक जण अणे-बियाणींचा माणूस, त्याला वेगळा विदर्भ हवा. दुसरा म्हणतो, मुंबईसह सगळा मराठी मुलूख एक. "राजधानी जाते की काय आपली?" दादा विचारतात; सचिवालय गेलं तर त्यांची बदली भोपाळला की मुंबईला, ही त्यांची खरी शंका. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. दोन-अडीच वर्षं आधी सांगून त्यांची झोप घालवू नका. आजच्या रात्री ती तशीही कमीच आहे.

वैशाखातला कृष्णपक्ष, चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवेल. तोवर चांदण्या. चादर ओली करून पिळून अंगावर घ्या, पाऊण तास गार वाटतं, मग ती कडक वाळते आणि पुन्हा सुरईशी जावं लागतं. तिसऱ्यांदा उठाल तेव्हा मागच्या दारातून बघा. बायकांच्या बाजा ओळीने लागल्यात. त्यात ताईची नाही. बाळाला दृष्ट लागेल, वारा बाधेल, शिवाय नवीन सुनेने उघड्यावर कसं झोपायचं, अशी तीन कारणं आहेत. ती मधल्या खोलीत, जमिनीवर, बाळाला हातपंख्याने वारा घालते आहे. त्या खोलीच्या भिंतीला हात लावलात तर दुपारच्या दोनचं ऊन अजून त्यात आहे.

"ताई, बाहेर येऊन झोप ना," तुम्ही दबक्या आवाजात म्हणता.

"तू झोप. पाहुणा आहेस." मग थोड्या वेळाने, "आज आजींनी पन्हं आधी मला दिलं. पाहिलंस ना?"

पंखा थांबतो, पुन्हा हलायला लागतो. तेवढ्यात मागच्या अंगणातून आजींचा आवाज येतो. त्या जाग्याच आहेत. "सूनबाई, पोरगी घेऊन ये इकडे. माझ्या बाजेवर टाक तिला. तू सतरंजीवर पड. कोण बघून राहिलं आता अंधारात?"

काकू कूस बदलतात. काही म्हणत नाहीत. ताई पाच मिनिटं वाट पाहते, कोणी नको म्हणतंय का ते ऐकत, मग झोळीतलं दुपटं उचलते.

पहाटे चार-सव्वाचारला वारा पडतो आणि अंगाला पहिल्यांदा जरा बरं वाटतं. या एका तासासाठी सगळं नागपूर रात्रभर थांबलेलं असतं, आणि याच तासाला नळ येतो. मोरीतल्या नळाने आधी फुसफुस हवा सोडली, दोनदा खोकला, मग धार लागली. काकू उठल्या, ताईला हाक मारायला वळल्या, तिच्याकडे पाहत क्षणभर थबकल्या. ती मेल्यासारखी झोपली आहे, तोंड उघडं, हात बाजेवरच्या बाळाच्या पायाशी.

काकू पदर खोचतात आणि सरळ तुमच्याकडे येतात. "पाहुणे, जागे आहात नं? या मग. ती घागर घ्या."

घागर तांब्याची, भरली की एका हाताने उचलत नाही. तिसऱ्या फेरीला तुमच्या खांद्यात कळ येते. रांजणाचं तोंड अजून बरंच वर आहे. दिंडीच्या फटीतून पेपर आत सरकतो. काकासाहेब कंदिलाशी नेऊन तो उलगडतात, चष्मा पुसतात आणि अंगणाला ऐकू जाईल असं वाचतात, "एकशे अठरा! ऐकलं का? काल एकशे अठरा झालं होतं."

"झालं असेल," मोरीतून काकू म्हणतात. "तो पेपर ठेवा आणि दुसरी घागर घ्या तुम्ही. पाणी जाईल आता."